चिमूटभर धूप आणि सरकारी दाखला

प्रश्न असा आला आहे: "रोमन सम्राटांनी तीनशे वर्षं ख्रिश्चनांना सिंहांपुढे टाकलं, मग कॉन्स्टंटाइनला आकाशात क्रूस दिसला आणि अख्खं साम्राज्य ख्रिस्ती झालं, असं आम्ही शाळेपासून ऐकत आलो. छळणाऱ्या सरकारचं एकदम इतकं मनपरिवर्तन कसं झालं?"

एकदम झालं नाही, आणि मनपरिवर्तन हा शब्दही मला तिथे पटत नाही. मी तीसेक वर्षं प्राचीन रोमचा इतिहास शिकवला. दरवर्षी पहिल्या तासाला वर्गाला विचारायचो, ख्रिस्ती लोकांचा गुन्हा नेमका कोणता? येशूला देव मानलं, रोमन देवांना मानलं नाही, बंड केलं, अशी उत्तरं यायची. मग मी प्लिनीचं पत्र वाचायला द्यायचो आणि वर्ग गप्प व्हायचा. कारण त्यात प्रांताचा मुख्य अधिकारीच सम्राटाला विचारतो आहे, की यांचा गुन्हा काय ते कृपया कळवा.

माझा सल्ला एवढाच, की हा विषय संतचरित्रांतून सुरू करू नका, सरकारी कागदांतून करा. विचारणा, शेरा, दाखला, जप्तीचा पंचनामा, परिपत्रक, अर्ज. सुदैवाने यातले बरेच कागद टिकले आहेत, आणि आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत दहा वर्षं काढलेल्या माणसाला ते परके वाटणार नाहीत.

इ.स. ११२ च्या सुमाराची गोष्ट. काळ्या समुद्राच्या दक्षिण काठी, आजच्या तुर्कस्तानात, बिथिनिया-पोंटस हा प्रांत होता. तिथला राज्यपाल धाकटा प्लिनी पेशाने वकील आणि स्वभावाने बारीकसारीक गोष्ट वर विचारणारा. आग विझवायला दीडशे माणसांचं पथक उभारू का, हेही त्याने सम्राट ट्राजानला विचारलं होतं. ट्राजान नको म्हणाला, कारण नाव काहीही द्या, माणसं एकत्र बांधली गेली की त्यांचा राजकीय गट होतो. ही भीती लक्षात ठेवा.

ख्रिस्ती म्हणून काही जणांना त्याच्यापुढे आणलं, तेव्हा प्लिनीने लिहिलं की अशा खटल्यांना मी कधी हजर नव्हतो. नुसतं नाव हाच गुन्हा, की त्या नावाआड केलेली दुष्कृत्यं? उत्तर येईपर्यंत त्याने आपली पद्धत बसवली होती. तीनदा विचारायचं, तू ख्रिस्ती आहेस का? शिक्षेची धमकी द्यायची. तरी हो म्हणाला तर मृत्युदंड, आणि रोमन नागरिक असला तर रोमला रवानगी. मृत्युदंड कशासाठी? ते कबूल करतात ते काहीही असो, इतका हट्ट आणि इतका ताठा शिक्षेलाच पात्र आहे, असं तो लिहितो. मी यात राज्यपालाचा वैतागच वाचतो. त्याला कायदा सापडलेला नाही.

नाही म्हणणाऱ्यांची परीक्षा वेगळी. देवांच्या मूर्तींबरोबर सम्राटाची प्रतिमा आणवायची, तिच्यापुढे धूप आणि द्राक्षारस वाहायला लावायचा आणि ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायला सांगायचं. खऱ्या ख्रिस्ती माणसाकडून हे करवून घेता येत नाही, असं त्याच्या कानावर आलं होतं. शिवाय मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या स्थानिक संघात, सेविकेचं पद सांभाळणाऱ्या दोन दासींचे हाल करून त्याने माहिती काढली. हाती काय लागलं? ठरल्या दिवशी पहाटेपूर्वी जमायचं, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणायचं, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, कुणाची ठेव बुडवणार नाही अशी शपथ घ्यायची, आणि नंतर साधं जेवण. पत्राच्या शेवटी तो समाधानाने कळवतो की ओस पडलेल्या देवळांत पुन्हा वर्दळ आहे, आणि ज्या बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळत नव्हतं ते पुन्हा खपू लागलं आहे. तक्रार मुळात कुणी केली असेल, याचा मला त्या मांसाच्या वाक्यावरून संशय येतो, पण तो संशयच.

ट्राजानचा शेरा चार ओळींचा आहे. यांना शोधत फिरू नका. कुणी समोर आणून शाबीत केलं तर शिक्षा करा. जो नाकारेल आणि आपल्या देवांना पुजून ते दाखवून देईल, त्याला मागचं सगळं माफ. आणि निनावी अर्जांची दखल घेऊ नका, ते आपल्या काळाला शोभत नाही. कार्थेजचा टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक पुढे यावर तुटून पडला. निर्दोष म्हणून शोधायचं नाही आणि दोषी म्हणून शिक्षा द्यायची, हा कुठला न्याय? तर्क त्याचाच बरोबर होता. पण पुढची जवळजवळ एकशेचाळीस वर्षं धोरण म्हणून जे काही होतं, ते या चार ओळींपेक्षा फार मोठं नव्हतं. शेजाऱ्याने तक्रार केली, गावात साथ आली, जमाव खवळला, राज्यपाल कडक निघाला, की माणसं मरत. नाहीतर वर्षानुवर्षं काही नाही. तिसऱ्या शतकाच्या मध्याला ओरिजेन हा ख्रिस्ती विद्वान स्वतःच लिहितो की धर्मासाठी मेलेले थोडे, सहज मोजता येतील इतके.

मग नीरो? ६४ साली रोम जळलं, संशय स्वतःवर येऊ लागला, तेव्हा त्याने ख्रिस्ती लोकांना पुढे केलं. रोमन इतिहासकार टॅसिटसने ते वर्णन केलं आहे आणि ते वाचवत नाही. पण ते राजधानीपुरतं होतं. आणि सिंह? रिंगणात जनावरं सोडली जात, यात शंका नाही. फक्त २०३ साली कार्थेजला अंगावरच्या बाळाची आई असलेल्या पर्पेतुआवर जे सोडलं ती माजलेली गाय होती.

हे सगळं धूप टाकण्यावरून का व्हावं? आपल्या गावजत्रेचं उदाहरण घ्या. वर्गणी मागायला आलेले लोक तुमची देवीवर श्रद्धा आहे का असं विचारत नाहीत. पण एखादं घर वर्गणी देईना, पालखीला पुढे येईना, वर म्हणू लागलं की तुमची देवी म्हणजे भूत आहे, आणि त्याच वर्षी पाऊस गेला, तर काय होईल? रोमनांच्या लेखी धर्म म्हणजे करायची कृती होती. देव राजी तर राज्य सुखी. ज्यूही धूप टाकत नसत, पण त्यांचा धर्म वाडवडिलांचा, पुरातन, म्हणून चालवून घेतला. जेरुसलेमच्या मंदिरात सम्राटासाठी बळीही दिला जाई. ७० साली ते मंदिर पाडल्यावर दर ज्यू माणसामागे वर्षाला दोन दिनार कर बसला आणि तो रोममधल्या ज्युपिटरच्या देवळाकडे वळवला, म्हणजे त्यांचं वेगळेपण करखात्याच्या वहीत रीतसर नोंदलं गेलं. ख्रिस्ती माणूस कुठल्याच वहीत बसेना. त्याने बापजाद्यांचे देव सोडले होते आणि त्याच्या गुरूला रोमन अधिकाऱ्यानेच क्रुसावर चढवलं होतं. म्हणून लोक त्याला नास्तिक म्हणत. स्मर्नाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प याला राज्यपाल म्हणाला, 'नास्तिकांचा नाश असो' एवढं म्हण, सुटशील. त्याने स्टेडियममधल्या गर्दीकडे हात केला, वर पाहिलं आणि म्हणाला, नास्तिकांचा नाश असो.

सत्तेबद्दल ख्रिस्ती लोकांचंही एकमत नव्हतं. मराठी बायबलमध्ये 'कैसराचे ते कैसराला' आहे, पौलाच्या रोमकरांस पत्रात अधिकारी देवाने नेमलेले आहेत म्हणून कर भरा असा उपदेश आहे, आणि त्याच ग्रंथाच्या शेवटी प्रकटीकरणात सात टेकड्यांवर बसलेली, संतांच्या रक्ताने झिंगलेली वेश्या आहे. ही वेश्या म्हणजे कोणतं शहर, हे त्या काळच्या वाचकाला सांगावं लागत नव्हतं.

या दोन टोकांमधला साधा माणूस कसा बोलत असेल ते १७ जुलै १८० च्या एका जबाबात दिसतं. जागा कार्थेज, आफ्रिकेचा राज्यपाल सातुर्निनुस, समोर स्किलियम नावाच्या छोट्या गावचे बाराजण. राज्यपाल म्हणतो, आम्हीही धार्मिक आहोत, आमचा धर्म सोपा आहे, आम्ही सम्राटाच्या दैवताची शपथ घेतो, तुम्हीही घ्या. त्यांच्यातला स्पेरातुस उत्तर देतो, मी चोरी केलेली नाही, काही विकत घेतलं तर त्यावरची जकात भरतो. मला हे वाक्य फार आवडतं. देवाबद्दल बोलता बोलता माणूस जकातीची पावती दाखवतो! दोनाता नावाची बाई म्हणते, कैसराला कैसर म्हणून मान, पण भीती देवाची. राज्यपाल विचारतो, त्या पेटीत काय आहे? पुस्तकं, आणि पौल नावाच्या एका सज्जनाची पत्रं. मग तो तीस दिवसांची मुदत देऊ करतो, विचार करा म्हणतो. स्पेरातुस म्हणतो, इतक्या सरळ गोष्टीत विचार कसला करायचा. त्याच दिवशी सगळ्यांची डोकी उडवली. राज्यपालाला त्यांना मारायचं नव्हतं, हे उघड दिसतं. त्याला सही हवी होती.

सही घ्यायची पद्धत साम्राज्यभर लागू केली ती डेशियसने, २५० साली. सरहद्दीवर गॉथ टोळ्या, गादीवर टिकणं कठीण, अशा वेळी नव्या सम्राटाने फर्मान काढलं की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून जास्त दाखले सापडले आहेत. एकाचा मजकूर असा: बळी-देखरेख समितीस, अलेक्झांडर बेट गावचा सतबूसपुत्र ऑरेलियस डायोजिनिस, वय ७२, ओळखखूण उजव्या भुवईवर व्रण, याजकडून. मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे, आताही आपल्यासमक्ष, फर्मानाप्रमाणे, बळी दिला, द्राक्षारस वाहिला, प्रसाद चाखला, तरी तशी नोंद करावी ही विनंती. खाली समितीची सही. तारीख आपल्या हिशेबाने २६ जून २५०. ओळखखुणेची ही ओळ सर्व्हिस बुकात ज्याने स्वतःसाठी भरली असेल, त्याला साडेसतराशे वर्षांचं अंतर वाटणार नाही.

आणखी एक दाखला मगरदेव पेटेसुखोसच्या पुजारणीचा आहे. म्हणजे जिचा दिवस देवळात जायचा, तिलाही 'मी देवांना मानते' असं लिहून द्यावं लागलं. डेशियसच्या फर्मानात ख्रिस्ती लोकांचं नाव होतं का, यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मला त्या पुजारणीचा कागद पुरेसा वाटतो. मोहीम सगळ्यांसाठी होती. अडकले ते ख्रिस्ती, कारण ट्राजानच्या काळात तक्रार आली तरच प्रश्न विचारला जाई, आता सरकारच दारात आलं.

पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी रांगेत उभं राहून बळी दिला. काहींनी नुसता धूप टाकला. काहींनी कारकुनाला पैसे चारून न दिलेल्या बळीचा दाखला मिळवला. कार्थेजचा बिशप सिप्रियन लपून बसला आणि पत्रांतून मंडळी चालवत राहिला. वर्षभरात वादळ शमलं, तेव्हा परत येऊ पाहणाऱ्यांचं काय करायचं हा प्रश्न उरला. तुरुंगात छळ सोसलेल्यांना मंडळीत मोठा मान होता, आणि ते बळी देऊन बसलेल्या पतितांना 'याला पुन्हा सामावून घ्या' अशा चिठ्ठ्या देऊ लागले. सिप्रियन वैतागून लिहितो की काही चिठ्ठ्यांवर नुसतं 'अमुक, त्याच्या माणसांसह' असं असतं, आणि त्या एका शब्दाआड वीस-तीस जण आत येतील. सरकारच्या दाखल्यावर मंडळीचा दाखला! छळाने ख्रिस्ती लोक एक झाले असं म्हणतात. मला दिसतं ते असं, की छळ वर्षभरात थांबला आणि त्याने लावलेलं भांडण दीडशे वर्षांहून जास्त चाललं.

सिप्रियनला पुढे सम्राट व्हॅलेरियनच्या फर्मानाने १४ सप्टेंबर २५८ रोजी मारलं. मरताना त्याने मारेकऱ्याला पंचवीस सुवर्णनाणी द्यायला सांगितली. २६० साली व्हॅलेरियन स्वतःच इराणच्या शापूरच्या कैदेत पडला, त्याच्या मुलाने, गॅलिएनसने, मंडळींच्या जागा परत केल्या आणि चाळीसेक वर्षं शांततेत गेली. या शांततेतली एक घटना पुस्तकांत कोपऱ्यात पडलेली असते. अँटिऑकचा बिशप समोसाटाचा पौल याला इतर बिशपांनी पाखंडी ठरवून काढलं, पण तो चर्चची इमारत सोडेना. तेव्हा ख्रिस्ती लोकांनी अर्ज कुणाकडे करावा? सम्राट ऑरेलियनकडे, जो सूर्यदेवाचा कट्टर भक्त होता. त्यानेही धर्मशास्त्रात न शिरता निकाल दिला, की इटलीचे आणि रोमचे बिशप ज्याच्याशी पत्रव्यवहार ठेवतात त्याला इमारत द्या. हे कॉन्स्टंटाइनच्या चाळीस वर्षं आधीचं आहे. सम्राटाने चर्चच्या कारभारात हात घातला असं म्हणण्याआधी हा हात धरून आत कुणी नेला, हे बघायला पाहिजे.

आता ३०३. सम्राट डायोक्लिशियनच्या फर्मानाने चर्च पाडायची, धर्मग्रंथ जाळायचे, ख्रिस्ती लोकांचे कायदेशीर हक्क काढायचे. या वेळी मोहीम खरोखर ख्रिस्ती लोकांविरुद्ध होती आणि पूर्वेकडे ती आठ-दहा वर्षं थांबतथांबत चालली. तिची हकिगत नको, एक पंचनामा बघू. १९ मे ३०३, किर्ता, आजच्या अल्जीरियात. नगरप्रशासक मुनातियुस फेलिक्स ख्रिस्ती लोक जमायचे त्या घरी आला. बिशप पौलला म्हणाला, ग्रंथ आणि जे काही आहे ते काढा. पौल म्हणाला, ग्रंथ वाचकांकडे (चर्चमध्ये ते वाचून दाखवणाऱ्यांकडे) असतात. वाचक कोण ते दाखव. ते तुम्हाला माहीत आहेत. आम्हाला माहीत नाहीत. त्यावर पौल म्हणतो, तुमच्या कचेरीला माहीत आहेत, या एदुसियुस आणि युनियुस कारकुनांना विचारा. मला इथे दर वेळी हसू येतं आणि मग ते ओसरतं. लहान गाव, कारकुनाला कोण कुठल्या मंडळीत जातं ते ठाऊक, आणि तरी सगळं विचारून, लिहून, वहीत उतरवायचं.

यादी होते. सोन्याचे दोन चषक, चांदीचे सहा, चांदीचे सात दिवे, पितळी समया, साखळ्यांचे दिवे. आणि मग: बायकांचे अंगरखे ८२, ओढण्या ३८, पुरुषांचे अंगरखे १६, पुरुषांच्या पादत्राणांचे जोड १३, बायकांचे ४७. एवढे कपडे कशाला? गरिबांना वाटायला. साम्राज्याला ज्याची धास्ती वाटली त्या संघटनेच्या कोठारात बायकांच्या ४७ जोड चपला होत्या. ही धास्ती वेडगळ नव्हती, असं मी उलट म्हणेन. विधवांना कपडा आणि भुकेल्याला जेवण कोण देतं, यावर गावात कुणाचा शब्द चालतो ते ठरतं.

ग्रंथांची कपाटं रिकामी निघाली. एक जाडजूड पोथी मिळाली. दोघे उपडीकन, म्हणजे पाळकांचे दुय्यम मदतनीस, म्हणाले, आम्ही फितूर नाही, हवं तर मारून टाका, पण वाचकांची नावं सांगणार नाही. मग कारकून घरं दाखवत गेले. एकाकडून चार पोथ्या, दुसऱ्याकडून पाच, तिसऱ्याकडून आठ. एका घरी नवरा नव्हता, बायकोने सहा आणून दिल्या. अजून असतील, काढ. नाहीत. बोविस नावाच्या सरकारी गुलामाने घर धुंडाळलं आणि सांगितलं, शोधलं, सापडलं नाही. तेही पंचनाम्यात आहे. आणि मघाशी झडतीत न सापडलेली चांदीची पेटी आणि दिवा घेऊन सिल्वानुस नावाचा उपडीकन पुढे आला, म्हणे रांजणामागे मिळालं. कुणीतरी त्याला म्हणालं, हे सापडलं नसतं तर मेला असतास. या सिल्वानुसला विसरू नका.

इजिप्तमध्ये त्याच मोहिमेचे कागद मिळाले आहेत. फेब्रुवारी ३०४ मध्ये खिसिस गावच्या 'माजी चर्चचा' वाचक अमोनियस प्रतिज्ञेवर लिहून देतो, की चर्चकडे सोनं नाही, चांदी नाही, गुरंढोरं नाहीत, जमीन नाही, थोडं पितळी सामान होतं तेवढं. खाली दुसऱ्याची सही, आणि शेरा: याला लिहिता येत नसल्याने मी लिहिलं. चर्चमध्ये ग्रंथ वाचणारा माणूस निरक्षर! काहींच्या मते त्याला ग्रीक येत नसावं. मला वाटतं, ज्या कागदावर सही करायची नव्हती तिथे तो अंगठाबहाद्दर झाला. दुसऱ्या एका पत्रात जमिनीच्या दाव्यासाठी गेलेला कोप्रेस बायकोला कळवतो, की इथे कोर्टात उभं राहणाऱ्याला आधी बळी द्यायला लावतात, म्हणून मी मुखत्यारपत्र करून भावाला पुढे केलं आहे. बाकी पत्र घरच्या सगळ्यांच्या चौकशीचं. छळाच्या काळात बहुसंख्य लोक असेच जगले असणार.

३० एप्रिल ३११ रोजी छळाचा मोठा पुरस्कर्ता सम्राट गॅलेरियस याने मरणशय्येवरून फर्मान मागे घेतलं. कारण वाचा. हे लोक आमच्या देवांना पुजत नाहीत आणि आमच्या धाकाने स्वतःच्या देवालाही पुजत नाहीत, तेव्हा त्यांनी निदान आपल्या देवाकडे आमच्यासाठी आणि राज्यासाठी प्रार्थना करावी. रोमन धर्मविचार जागचा हललेला नाही. देव राजी राहिले पाहिजेत, एवढंच. फक्त राजी ठेवायच्या देवांच्या यादीत एक नाव वाढलं.

पुढच्या वर्षी, २८ ऑक्टोबर ३१२ ला, कॉन्स्टंटाइनने रोमबाहेर मिल्वियन पुलाजवळ गादीचा प्रतिस्पर्धी मॅक्सेंशियसला हरवलं. तुमच्या प्रश्नातला आकाशातला क्रूस बिशप युसेबियसने सम्राट वारल्यावर लिहिला. त्याआधीचा ख्रिस्ती लेखक लॅक्टँशियस फक्त स्वप्न सांगतो, ढालींवर खूण काढ असं सांगणारं. आणि ३१५ मध्ये रोमच्या सिनेटने उभारलेल्या कमानीवर तर 'दैवी प्रेरणेने' इतकंच आहे, कोणतं दैवत ते ज्याने त्याने समजावं. पुढे दहाएक वर्षं त्याच्या नाण्यांवर अजिंक्य सूर्य राहिला. ज्याला 'मिलानचं फर्मान' म्हणतात, त्याचा आपल्याकडे असलेला मजकूर म्हणजे सहसम्राट लिसिनियसने १३ जून ३१३ ला निकोमीडियात लावलेलं परिपत्रक आहे. त्यात ख्रिस्ती लोकांना आणि इतर सर्वांना आपापला धर्म पाळायची मोकळीक आहे. राजधर्माचा शब्दही नाही. बराचसा मजकूर जप्त जागा परत करण्याचा आहे: विनामूल्य परत करा, ज्यांनी पैसे देऊन घेतल्या असतील त्यांनी भरपाईसाठी अर्ज करावा.

खरा बदल आफ्रिकेला गेलेल्या पत्रांत दिसतो. कॉन्स्टंटाइनने कार्थेजचा बिशप सेसिलियन याला सरकारी तिजोरीतून रक्कम द्यायला सांगितली आणि त्याच्या पाळकांना नगराच्या खर्चिक सक्तीच्या कामांतून सूट दिली. ही सूट इतकी मोलाची होती, की काही वर्षांतच सम्राटाला कायदा करावा लागला, नगरसभेच्या घराण्यांतल्यांनी पाळक होऊ नये. पण पैसा आणि सूट आली की खरी मंडळी कोणती, हा हिशेबाचा प्रश्न होतो. कार्थेजला दुसरा गट होता. त्यांचं म्हणणं, सेसिलियनचा अभिषेक करणाऱ्याने छळाच्या वेळी ग्रंथ सरकारच्या हाती दिले होते, म्हणून अभिषेक बाद. (हाती देणे या लॅटिन क्रियापदापासूनच इंग्रजीत ट्रॅडिशनही आलं आणि ट्रेटरही.) आरोप पुढे खोटा ठरला, पुराव्याच्या पत्रात मागाहून घुसडलेला मजकूर निघाला. पण एप्रिल ३१३ मध्ये या गटाने काय केलं? जमावाने राज्यपालाकडे दोन कागद दिले, एक चामड्यात बांधलेला मोहोरबंद, एक उघडा, सम्राटापर्यंत पोचवा म्हणून. सत्तेने छळल्याला दहा वर्षं झाली नव्हती, आणि फितुरांविरुद्धचा अर्ज त्याच सत्तेकडे.

रोमला बिशपांची सभा झाली, ३१४ ला आर्ल्सला झाली, ३१६ ला सम्राटाने स्वतः निकाल दिला. सगळे सेसिलियनच्या बाजूचे. दुसरा गट, पुढे ज्यांना डोनॅटिस्ट म्हणू लागले, ऐकेना. मग त्यांची चर्च काढून घ्यायला सैनिक गेले आणि ख्रिस्ती सम्राटाच्या राज्यात ख्रिस्ती माणसं मेली. ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइनने कंटाळून हात वर केले. आणि सिल्वानुस? चांदीची पेटी काढून देणारा तो उपडीकन तोवर किर्ताचा बिशप झाला होता, तोही फितुरांचा तिरस्कार करणाऱ्या गटाचा. ३२० साली त्याच्याच एका डीकनशी त्याचं बिनसलं, प्रकरण राज्यपाल झेनोफिलुसपुढे गेलं आणि तिथे १९ मे ३०३ चा पंचनामा वाचला गेला. तो आपल्यापर्यंत पोचला तो या खटल्याच्या दप्तरामुळेच.

नायसियाच्या ३२५ च्या बिशपांच्या सभेवर इतकं लिहिलं गेलंय की मी इथे थांबत नाही. एवढंच, की बिशप सरकारी डाकगाड्यांतून आले, सम्राटाच्या महालात बसले, आणि न मानणाऱ्यांना हद्दपारी सम्राटाच्या हुकमाने झाली. कॉन्स्टंटाइनचा स्वतःचा बाप्तिस्मा ३३७ मध्ये, मरणाच्या दारात. राजधर्माच्या जवळ जाणारं काही हवं असेल तर ते फेब्रुवारी ३८० चं थिओडोसियसचं फर्मान, आणि तेही मूर्तिपूजकांपेक्षा 'चुकीच्या' ख्रिस्ती लोकांवर रोखलेलं. बळींवर सरसकट बंदी ३९१-९२ ला आली. म्हणजे मिल्वियन पुलापासून ऐंशी वर्षं. मधे ज्युलियन या सम्राटाने जुने देव परत आणायचा प्रयत्न केला, तो दोन वर्षं टिकला नाही. ३८५ च्या सुमाराला स्पेनचा बिशप प्रिसिलियन याला ट्रियरला मृत्युदंड झाला. फिर्यादी ख्रिस्ती बिशप, शिक्षा देणारा ख्रिस्ती सम्राट, आरोप जादूटोण्याचा. तूरचा मार्टिन सम्राटापुढे जाऊन विनवत होता, की रक्त सांडू नका. ऐकलं नाही.

डोनॅटिस्टांचं काय झालं, ते राहिलं. सम्राटाचा चर्चशी संबंध काय, असं त्यांचा पुढारी डोनाटुस ३४७ च्या सुमाराला विचारत होता, आणि पुढे विरोधक त्याच्या गटाला ३१३ चे कागद दाखवत राहिले. आफ्रिकेतल्याच हिप्पो गावचा बिशप ऑगस्टीन आधी जबरदस्तीच्या विरोधात होता. ४०८ मध्ये तो लिहितो की माझं मत बदललं, कारण माझं स्वतःचं गाव कायद्याच्या धाकाने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आलं आणि आता सुखी आहे. जून ४११ मध्ये कार्थेजला दोन्हीकडचे मिळून साडेपाचशेच्या वर बिशप जमले. अध्यक्षस्थानी सम्राटाचा अधिकारी मार्सेलिनुस, धर्मशील माणूस, ऑगस्टीनचा स्नेही. लघुलेखक शब्दन् शब्द टिपत होते. डोनॅटिस्ट बिशपांना बसायला सांगितलं तर म्हणाले, आम्ही दुर्जनांबरोबर बसत नाही, आणि उभेच राहिले. निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. ४१२ च्या कायद्याने दंड बसले: सर्वोच्च दर्जाच्या माणसाला पन्नास पौंड सोनं, खालच्याला कमी, कुळांना फटके. चर्चच्या इमारती दुसऱ्या बाजूला सुपूर्द करायच्या.

सप्टेंबर ४१३ मध्ये एका बंडाशी संबंध असल्याच्या संशयावरून मार्सेलिनुसचं डोकं त्याच कार्थेजला उडवलं. ऑगस्टीनने खूप धडपड केली, काही उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षी सम्राटाकडून आदेश आला, की मार्सेलिनुसने दिलेला निकाल कायम समजावा.